दुधाच्या वहीतले अडीच दिवस

आळंदी ते पंढरपूर मी पळत गेलो असं आमच्या शाळेत सगळे सांगतात. ते खरं नाही. साधारण निम्मं पळालो, बरंचसं चाललो आणि वेळापूरजवळचा उतार पाठमोरा उतरलो. नेमकं किती पळालो हे मला विचारून उपयोग नाही. ते मेहुण्याच्या वहीत आहे.

मेहुणा फलटणकडचा. दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितो. वही त्याने तिथूनच आणली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, आत लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम असे छापील रकाने. त्यावर पट्टीने काट मारून त्याने नवे मथळे घातले होते: वेळ, किमी, पाणी, मीठ, खाणं, वजन, लघवी, शेरा. मी हसलो, तर म्हणाला, "दाजी, गाय बोलत नाही म्हणून आम्ही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवसानंतर तुम्ही पण बोलायचे नाही."

मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. वय ४६. मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, चार-पाच वेळा झाली होती. त्यापुढचं काहीही अल्ट्रा. त्यात १०० किलोमीटरची एक शर्यत आणि स्टेडियमला गोल गोल फिरत काढलेले १२ तास, एवढं जमेला. ग्रीसमध्ये अथेन्स ते स्पार्टा अशी स्पार्टाथलॉन होते, २४६ किलोमीटर, ३६ तासांच्या आत. तिच्या पात्रतेच्या जवळपासही मी नाही. पण एकदा नकाशावर दोरा ठेवून मोजताना लक्षात आलं की आपल्या पालखी मार्गाची लांबीही जवळजवळ तेवढीच भरते. माऊलींची पालखी आषाढात हे अंतर अडीच-तीन आठवड्यांत जाते. आपण हिवाळ्यात तीन दिवस लावू, असं ठरवलं. शर्यत नाही, मेडल नाही, बिब नंबर नाही. त्यामुळे वाटेत पाणी देणारं टेबलही नाही. जे काही असेल ते गाडीत.

गाडी चालवायला शेजारचे काका. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, आषाढी-कार्तिकीच्या जादा गाड्या वर्षानुवर्षं त्यांनी याच रस्त्यावर चालवल्या. त्यांची अट एकच, गाडीत त्यांच्या परवानगीशिवाय कुणी झोपायचं नाही आणि ते झोपले तर उठवायचं नाही. तिसरा माझा पळण्यातला मित्र, पेसर म्हणून. रात्री आणि उन्हात तो माझ्यासोबत पायी राहणार. बायको दुसऱ्या रात्री नातेपुत्यात येणार होती. तिला शाळेतून शनिवारची सुट्टी मिळाली नाही. मला मिळाली, हा मुद्दा घरात अजून निघतो.

तयारीचं फार सांगत नाही. आठवड्याला ९०-१०० किलोमीटर, शनिवारी लांब पळून रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा लांब पळायचं, हे पाच महिने. खरी तयारी क्रूची, म्हणजे सोबत येणाऱ्या माणसांची, होती आणि ती मला तेव्हा कळली नाही. मेहुण्याने डिकीत वजनकाटा ठेवला होता आणि त्याखाली घालायला शहाबादी फरशीचा एक तुकडा. रस्त्याकडेच्या खडीवर काटा कधीच खरं सांगत नाही. हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

जानेवारीतला शुक्रवार, पहाटे चार. इंद्रायणीच्या घाटावर धुकं, वजन ६८.४. दिघी, विश्रांतवाडी करत पुणं उठायच्या आत पुण्यातून बाहेर पडायचं होतं, ते काही जमलं नाही. हडपसरला कंपन्यांच्या बसगाड्यांच्या धुरात सापडलोच. दिवे घाट चालत चढायचा हे आधीच ठरलेलं. घाटात पळून दहा मिनिटं वाचतात आणि पुढे दोन तास जातात. खाली मस्तानी तलाव दिसत होता, बाजूने ट्रक पहिल्या गियरमध्ये कण्हत होते. मी बऱ्यापैकी खुशीत होतो. पन्नास किलोमीटरच्या आत सगळेच खुशीत असतात.

गाडी दर पाच किलोमीटरवर पुढे जाऊन थांबायची. खुर्ची होती, पण काकांनी ती डिकीत तळाशी, सगळ्या सामानाखाली घातली होती. एकदा बसलं की उठवत नाही, म्हणून. मेहुण्याने दुसरा नियम शोधून काढला होता. "काय देऊ?" असं विचारायचं नाही. पळणाऱ्याला काहीच नको असतं. "बटाटा की दहीभात?" असं विचारायचं, मग तो बिचारा दोन्हीतलं एक निवडतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, गॅस उडालेलं कोला, लिंबू सरबत. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा हिशेब होता आणि तो राजगिऱ्याच्या लाडवात मांडून त्याने मला तोंडपाठ करायला लावला होता.

नवीन काही खायचं नाही, हाही नियम. तो सासवडला मोडला, आणि मीच मोडला. काका अंजीर घेऊन आले. पुरंदरचं ताजं अंजीर, कातडी फुटायला आलेली. मी सहा खाल्ले. अंजीर पोट साफ करतं हे आजी सांगायची. जेजुरीच्या अलीकडे ते अनुभवाला आलं. वहीत त्या तासाला शेऱ्याच्या रकान्यात फक्त "शेत. शेत. पंप. शेत." असं लिहिलंय. वाट वाकडी करून खंडोबाच्या पायऱ्यांशी एक नमस्कार करायचा बेत होता. मी लांबूनच गडाकडे हात जोडले.

त्यानंतर आमची चुकामूक झाली. नवा चौपदरी रस्ता गावाला वळसा घालून जातो, जुना गावातून. मी एकावर, गाडी दुसऱ्यावर. पन्नास मिनिटं पाणी नाही, आणि माझा फोन गाडीत चार्जिंगला. शेवटी एका टपरीवाल्याच्या फोनवरून बोललो. टपरीवाल्याने विचारलं, "माऊली, आत्ता कुठली दिंडी?" सांगायला गेलो की पळतोय, हौसेने, तर त्याचा विश्वास बसेना. "नवस असेल," असं त्यानेच ठरवलं. हा प्रश्न पुढे प्रत्येक गावात आला. काका तिसऱ्या वेळेपासून सरळ "हो, नवस" म्हणायला लागले. त्याने वेळ वाचायचा आणि कधीकधी चहाही फुकट मिळायचा.

रात्री नऊला नीरा. नव्वदच्या आसपास किलोमीटर झाले होते. मेहुण्याच्या ओळखीच्या दूध केंद्राच्या मागच्या खोलीत सतरंजीवर झोपलो. म्हणजे ते झोपले. माझे पाय झोपेतही पळत होते. पोटऱ्या आपोआप उडायच्या, डोळा लागला की कुणीतरी ढकलल्यासारखी जाग. पावणेपाचला कॅनचा खडखडाट सुरू झाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

नीरा नदीच्या पुलावर थंडी बोचत होती. पलीकडे सातारा जिल्हा. आषाढात इथे माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात. आम्ही पुलावर माझे मोजे बदलले. एका टाचेला फोड आला होता. मित्राने तो निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवली आणि टेप लावली. ती कातडी ओढून काढली की संपलं. बूट बदलले, दुसरा जोड एक नंबर मोठा. दुसऱ्या दिवशी पाऊल सुजतं, नेहमीच्या नंबरात मावत नाही. माझ्या खिशात दुखण्यावरच्या गोळ्यांची एक पट्टी होती. घरातून निघताना कुणाला न सांगता ठेवलेली. मोजे बदलताना ती पडली. वहीत नोंद आहे: "गोळ्या सापडल्या. जप्त." इतक्या तासांच्या पळण्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. हे मीच त्याला आधी वाचून दाखवलं होतं.

लोणंद, चांदोबाचा लिंब, तरडगाव. सकाळची थंडी असेपर्यंत छान पळालो. आणि मग फलटण, म्हणजे माझी सासुरवाडी.

सासूबाई सकाळपासून रस्त्यावर उभ्या होत्या. मागे अंगणात खुर्ची, खुर्चीवर धुतलेलं आसन, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. "दारात आलात आणि टेकायचं नाही, जावईबापू?" मी मेहुण्याकडे पाहिलं. मनात खरं तर त्या खुर्चीत जाऊन बसलोही होतो. तो आईला म्हणाला, "आई, त्यांना बसवलंस तर ते उद्यापर्यंत तुझ्याच घरी." सासूबाईंचं तोंड पडलं. मग त्यांनी आतून ताट आणून मला रस्त्यावर उभ्याउभ्या ओवाळलं. मी गुडघे न वाकवता हात जोडले, वाकलो असतो तर उठलो नसतो. पुरणपोळी मेहुण्याने नाकारली. दही-भाकरीचा काला, भरपूर मीठ घालून, तेवढा पास झाला. दोन दिवसांच्या गोडाने जिभेला शिसारी आली होती. तो काला मी पातेल्यातून चमच्याने खाल्ला. अख्ख्या वाटेवर त्याच्याइतकं चांगलं काही पोटात गेलं नाही.

फलटण ते बरड. हा पट्टा पर्जन्यछायेचा, हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. छाया मात्र नावातच. रस्ता रुंद झाला त्यात कडेची जुनी झाडं गेली, दुपारी डांबर खालून भाजतं. मला तहान लागली होती, किंवा तशी वाटत होती. प्रत्येक थांब्याला बाटली संपवायचो, वाटेत मित्राकडची संपवायचो. हात जड वाटायला लागले. लग्नातली अंगठी बोटात रुतली. थोडी मळमळ, थोडं डोकं दुखणं. मला वाटलं, ऊन लागलं, म्हणजे आणखी पाणी हवं.

मेहुण्याने फरशी टाकली, काटा ठेवला. ६९.७.

दीड दिवस पळून माणसाचं वजन सव्वा किलोने वाढत नाही. वाढलं, याचा अर्थ आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातलं मीठ पातळ होतंय. यात माणूस गोंधळायला लागतो, पुढे झटके येऊ शकतात, जीवही जातो. उन्हात पाणी कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते. जास्त झाल्याची कुणाला शंकाही येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पाठ होतं. आणि तरी मी त्याला म्हणालो, "पाणी दे."

"नाही देणार, दाजी."

"काटा खोटा आहे तुझा."

त्याने स्वतः काट्यावर उभं राहून दाखवलं, काकांना उभं केलं, मित्राला उभं केलं. मी ओरडलो. सासरच्या माणसाला बोलू नये ते बोललो. त्याच्या पगारावर बोललो, तो दूध मोजतो यावर बोललो. वहीत यातलं काही नाही. तिथे असं आहे: "१.५०. वजन ६९.७. बोटं सुजली. लघवी ३ तास नाही. पाणी बंद. डॉक्टरांना फोन. शुद्धीत आहेत, नीट उत्तर देतात. उलटी किंवा गोंधळ झाल्यास थेट दवाखाना. थांबवायचं का? मी हो. काका नाही. ताईला फोन. ताई म्हणाली तासाभराने परत वजन बघ, कमी नाही झालं तर गाडीत घाल."

म्हणजे माझ्या पाठीमागे मतदान झालं आणि मला ते घरी आल्यावर वाचून कळलं. मी तेव्हा रस्त्याकडेला गाडीच्या सावलीत उभा राहून एक खारा शेंगदाणा दहा मिनिटं चघळत होतो.

तासभर फक्त चाललो. थेंबभर पाणी नाही, मधेमधे खारट काहीतरी. मित्र बाजूने चालत होता, त्याने स्वतःची बाटलीही गाडीत ठेवून दिली होती, मला दिसू नये म्हणून. बरडच्या अलीकडे मला एकदम जोराची लागली आणि मग अर्ध्या तासात तीनदा. लघवीच्या रकान्यात मेहुण्याने लिहिलंय "पांढरी, भरपूर" आणि पुढे एक टिक केलीय, परीक्षेच्या पेपरावर करतात तशी. वजन ६८.८. त्यानंतर पाणी त्याच्या हातून, मोजून, तहान लागली तरच.

मी माफी मागितली ती बरीच पुढे, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागल्यावर. तो म्हणाला, "कशाबद्दल?" आणि बटाटा की भात ते विचारलं.

नातेपुत्याला रात्री नऊला पोचलो. बायको लॉजच्या दारात उभी होती. तिने आधी माझी बोटं पाहिली, मग तोंड. "अहो, निम्मे झालात," म्हणाली. तीन तास मेल्यासारखा झोपलो. पाऊण वाजता त्यांनी उठवलं, ऊन चढायच्या आत वेळापूर गाठायचं म्हणून. डाव्या पायाच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या वर, सूज आली होती. पाऊल वर उचललं की तिथे सुतार कानस मारतोय असं वाटायचं. सलग अनेक दिवस पळणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं, तिथला स्नायुबंध चिडतो. बुटाची नाडी वरच्या दोन भोकांतून काढून सैल केली. याहून जास्त काही करता येत नाही.

हे दिवस ऊस गाळपाचे. रात्रभर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाची टोकं बाहेर हातभर आलेली, आणि गाणी इतकी मोठ्याने की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. काका आता पुढे जाऊन थांबत नव्हते. माझ्या मागे, कडेने, चारही इंडिकेटर लावून पहिल्या गियरमध्ये येत होते. माझ्या पाठीवर लाल लुकलुकणारा दिवा, अंगात चमकणारं जाकीट, मित्राच्या हातात कुत्र्यांसाठी काठी. कुत्री काठीपेक्षा बिस्किटाला जास्त मानतात, हे दुसऱ्या वस्तीपर्यंत कळलं.

नातेपुते ते माळशिरस मला जवळजवळ काही आठवत नाही. किलोमीटरचे दगड बाया होऊन बसलेले दिसायचे, डोक्यावर पदर घेतलेल्या, आणि जवळ गेलं की पुन्हा दगड. एवढंच. उरलेलं वहीत: "२.४०. दाजी थांबले. म्हणाले शाळा सुटली का. मी म्हणालो हो. चालायला लागले."

"३.०५. विचारतात हजेरी कुणी घेतली. ताई म्हणाली मी."

"३.३०. चहा. बिस्किट २. ठीक."

डोळ्यांपुढे असं काही यायला लागलं की पळणाऱ्याशी वाद घालू नये. फक्त तो रस्त्याच्या कडेला राहतोय ना आणि सरळ चालतोय ना, तेवढं पाहावं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. झोपेच्या तारेतल्या मुलाला घरी नेतात तसं त्यांनी मला माळशिरसला नेलं. तिथे गाडीच्या मागच्या सीटवर वीस मिनिटं झोपू दिलं, घड्याळ लावून. उठलो तेव्हा उजाडायला आलं होतं आणि मला शाळा, हजेरी यातलं काही माहीत नव्हतं.

वेळापूरजवळ धावा होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून पालखी सोहळ्यात सगळे वारकरी त्या उतारावरून धावतात. म्हातारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, टाळ-मृदंगवाले, सगळे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या माणसांना पळायची एक हक्काची जागा. मी मनात कित्येक महिने ती जागा राखून ठेवली होती. बाकी कुठेही चालू, इथे पळायचं.

उताराला पहिली दहा पावलं टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं. कानस थेट हाडावर. मित्र म्हणाला, उलटा फिर. फिरलो. उतार पाठमोरा उतरला की घोट्याच्या त्या स्नायूवर ताण कमी येतो. बायकोने मागून खांद्याला धरलं, "डावीकडे, खड्डा, आता सरळ" असं सांगत, आणि जिथे सगळे धावतात तिथे मी पंढरपूरकडे पाठ करून, माळशिरसकडे बघत, एक-एक पाऊल मागे टाकत उतरलो. शेजारून एक मोटारसायकलवाला जाता जाता ओरडला, "माऊली, परत निघालात का?" काका गाडीत इतके हसले की त्यांनी गाडी बंद केली.

पुढचं लवकर सांगतो, कारण पुढे काही घडलं नाही. तोंडले-बोंडले, भंडीशेगाव, वाखरी. दर दीड किलोमीटरला गाडी. दोनशे पावलं पळायची, शंभर चालायची, मग शंभर-शंभर, मग नुसतंच चालायचं. किती राहिलं हे मला कुणी सांगत नव्हतं. मी घड्याळ बघू नये म्हणून बायकोने ते वाखरीच्या आधीच स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. नंतर कळलं की "आता पाचच" असं मला तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितलं गेलं होतं.

रविवारी संध्याकाळी साडेपाच. निघाल्यापासून साडेएकसष्ट तास. गल्ल्यांमध्ये गाडी जात नाही म्हणून काकांनी ती अलीकडेच लावली. मी म्हणालो, चला की काका, आता एवढे आलोच आहोत सगळे. ते म्हणाले, "मी आयुष्यभर येतोय इथे. तुम्ही जा. मी झोपतो, मला उठवू नका." त्यांनी सीट मागे केली आणि तोंडावर टोपी घेतली. आम्ही चौघं नामदेव पायरीपर्यंत गेलो. मला पायरीला हात लावायला खाली वाकता येईना, म्हणून मेहुण्याने स्वतः लावला आणि तोच हात माझ्या कपाळाला लावला. आत रांग मोठी होती. बाहेरूनच कळसाकडे बघितलं. मेहुण्याने खिशातून वही काढली.

अंतर २४१, वजन ६६.९. शेवटची ओळ काकांच्या अक्षरात आहे, लॉगशीट भरायची सवय: "गाडी ३१८ किमी. चहा ४१. पंक्चर नाही."

घरी आल्यावर आठवडाभर डाव्या पायात चप्पल शिरली नाही आणि तीन नखं काळी होऊन गळली. वही मला ठेवायची होती, फ्रेम वगैरे करून. मेहुणा म्हणाला, "दाजी, पानं शिल्लक आहेत." मग मी फोटो काढून घेतले आणि वही परत दिली. मागच्या महिन्यात फलटणला गेलो तेव्हा केंद्रावर चाळून पाहिली. पंढरपूरचं पान उलटलं की दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे. गाय, ११ लिटर, फॅट ३.८.